घरचा राउटर आणि पेढीची चोपडी

पूर्वी पेढीची चोपडी रात्री तिजोरीत जाई आणि तिजोरीची चावी मालकाच्या कमरेला असे. आज चोपडी कॉम्प्युटरमध्ये आहे, कॉम्प्युटर दुकानात आहे, आणि मालक, त्याचा मुलगा किंवा घरी बसून हिशेब सांभाळणारी सून रात्री दहा वाजता घरून तीच चोपडी उघडू पाहत आहे. भिवंडीत माग चालवणारा गृहस्थ मुंब्र्याला राहतो. मालेगावात विणलेल्या कापडाची विक्री मुंबईच्या गाळ्यातून होते. भरतकामाचा कारखाना एका गल्लीत असतो आणि कॉम्प्युटरवर डिझाइन बसवणारा कारागीर दुसऱ्या गावी. रमजानच्या महिन्यात तर दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडे आणि दिवसाचा हिशेब सहरीच्या आधी घरी बसून मिटवायचा, असे कितीतरी घरांत चालते.

घर आणि दुकान यांच्यामधली ही वाट आता इंटरनेटवरून जाते. ती वाट सुरक्षित कशी करावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे. यासाठी घरातल्या राउटरलाच ‘व्हीपीएन क्लायंट’ बनवण्याची एक पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, मात्र सर्वांनाच ती लागते असे नाही. कोणाला लागते आणि कोणाला नाही, हेही पुढे येईलच.

उघडे दार

बहुतेक दुकानांत आज काय केले जाते ते आधी पाहू. नेटवर्कचे काम करणाऱ्या मुलाला मालक सांगतो, ‘मला घरून दुकानाचा कॉम्प्युटर दिसला पाहिजे.’ तो मुलगा दहा मिनिटांत दुकानाच्या राउटरमध्ये एक ‘पोर्ट’ उघडून देतो. पोर्ट म्हणजे राउटरच्या भिंतीतले क्रमांक दिलेले दार. विंडोज कॉम्प्युटर दुरून चालवण्याचे दार सहसा ३३८९ क्रमांकाचे असते. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरसाठी आणखी एखादे दार उघडले जाते. काम झाले, मालक खूश झाला, मुलगा पैसे घेऊन गेला.

परंतु हे दार फक्त मालकासाठी उघडलेले नसते, ते साऱ्या जगासाठी उघडे असते. इंटरनेटवर अहोरात्र असे प्रोग्राम फिरत असतात की ज्यांचे कामच एकेका पत्त्यावरचे एकेक दार वाजवून पाहणे हे आहे. दार उघडे सापडले की पासवर्डांची यादी एकामागून एक लावून पाहिली जाते. दुकानाचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड असेल तर तो किती वेळ टिकेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला कोणतीही जादू करावी लागली नाही. कंपनीने घालून दिलेले पासवर्ड लोकांनी बदललेलेच नव्हते, एवढे त्याला पुरले. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ आला. त्याने विंडोजमधील फाइल वाटून घेण्याच्या व्यवस्थेतील दोषाचा फायदा घेऊन कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. विशेष म्हणजे मायक्रोसॉफ्टने या दोषाची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले.

मोठ्या कंपनीवर असा प्रसंग आला तर तिच्याकडे माणसे असतात, विमा असतो, दुसऱ्या शहरात ठेवलेली नक्कल असते. छोट्या व्यापाऱ्याकडे यापैकी काय असते? उधारीची यादी गेली म्हणजे त्याचे निम्मे भांडवल गेले. कोणाकडून किती येणे हे तोंडी सिद्ध करता येत नाही, आणि ज्याला द्यायचे आहे त्यालाही नेमके अशा वेळी आठवत नाही. जीएसटीचे विवरणपत्र अडते ते वेगळेच. भरतकामाच्या कारखानदाराकडे तर गिऱ्हाइकाचे डिझाइन ही अमानत असते. ते डिझाइन बाजारात दुसऱ्याच्या कापडावर दिसले, तर चूक इंटरनेटची होती हे ऐकायला गिऱ्हाईक थांबत नाही.

आंगडियाचे पुडके

व्हीपीएन ही तीन इंग्रजी अक्षरे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांना आंगडिया ठाऊक आहे. आपण पुडके सीलबंद करून त्याच्या हाती देतो. पुडके कोठून निघाले आणि कोठे जायचे हे आंगडियाला कळते, ते किती जड आहे हेही कळते, पण आत काय आहे ते कळत नाही. व्हीपीएनमध्ये घरच्या टोकाला पुडके सीलबंद होते आणि दुकानाच्या टोकाला उघडते. मधली इंटरनेट कंपनी ही आंगडिया. तिला फक्त सील दिसते. या सीलबंद वाटेला तंत्रज्ञ मंडळी ‘टनेल’, म्हणजे बोगदा म्हणतात.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. व्हीपीएन म्हटले की लोकांना मोबाइलवरील जाहिरातीतले अॅप आठवते, महिन्याला अमुक रुपये भरा आणि ‘अदृश्य’ व्हा असे सांगणारे. ती वेगळी चीज आहे. तेथे आपले पुडके दुकानात न उघडता त्या कंपनीच्या ऑफिसात उघडते आणि तिथून पुढे बाजारात जाते. म्हणजे जे काल आपल्या इंटरनेट कंपनीला दिसत होते ते आज त्या परक्या कंपनीला दिसू लागते. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर ठेवला, एवढाच फरक. फुकटच्या अॅपबाबत तर एवढेच विचारावे, की तो माणूस सर्व्हरचे भाडे कोणाच्या खिशातून भरतो?

व्यापाऱ्याला हवी आहे ती पहिली चीज. दोन्ही टोके आपली, किल्ल्या आपल्या, मध्ये कोणी तिसरा नाही.

राउटरच का?

आता कोणी म्हणेल की दुकानाशी जोडणारे अॅप लॅपटॉपवर घातले की झाले, राउटरच्या भानगडीत कशाला पडावे? म्हणणे खरे आहे. घरात एकच माणूस एकाच लॅपटॉपवरून दुकानाचे काम करत असेल तर त्या लॅपटॉपवरच व्हीपीएन घालावे आणि हा लेख येथेच मिटवावा. राउटरचा खटाटोप त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरी एकाहून अधिक यंत्रांना दुकान लागते. हिशेबाचा कॉम्प्युटर, कॅमेरे पाहण्याचा टीव्ही, दुकानातून बिल पाठवले की घरच्या गोदामात चिठ्ठी छापणारा प्रिंटर. यातील प्रिंटरवर आणि टीव्हीवर व्हीपीएनचे अॅप सहसा घालताच येत नाही. राउटर क्लायंट झाला की त्याच्यामागची सगळी यंत्रे, त्यांना काहीही न शिकवता, दुकानाशी जोडली जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज ‘कनेक्ट’ दाबायला सांगावे लागत नाही, हाही फायदा लहान नाही.

घर हे क्लायंट आणि दुकान हे सर्व्हर, अशी मांडणी का, हेही समजून घ्यावे. क्लायंट स्वतः बाहेर पडून दार वाजवतो, सर्व्हर दाराशी बसून वाट पाहतो. वाट पाहणाऱ्याचा पत्ता जगाला ठाऊक असावा लागतो. आपल्याकडे आता इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा तुटवडा असल्याने कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक घरे चालवतात, जसे एका चाळीच्या पत्त्यावर पन्नास बिऱ्हाडे. अशा घराचा दरवाजा बाहेरून वाजवता येत नाही. पण आतला माणूस मात्र बाहेर पडून कोठेही जाऊ शकतो. म्हणून घर क्लायंट. आपले घर चाळीत आहे की स्वतंत्र, हे राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखालील पत्ता पाहून कळते. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर समजावे की चाळ आहे. दुकानाला मात्र स्वतंत्र पत्ता हवा. वरचे पैसे भरले की बऱ्याच कंपन्या ‘स्टॅटिक आयपी’ देतात. तो मिळणारच नसेल तर मुंबईतील डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेऊन घर आणि दुकान दोघांनाही त्याचे क्लायंट करता येते. त्यात मात्र सील मधल्या सर्व्हरवर उघडते आणि पुन्हा लागते, हे ध्यानात असावे.

कोणता राउटर

इंटरनेट कंपनी जो डबा फुकट बसवून जाते त्यात व्हीपीएन क्लायंटची सोय सहसा नसते, आणि असली तरी तिला हात लावू देत नाहीत. त्यावर वेळ घालवू नये. त्या डब्याच्या मागे आपला स्वतःचा राउटर लावावा. एकामागे एक दोन राउटर झाल्याने क्लायंटच्या कामात अडचण येत नाही.

असा राउटर निवडताना एक जुना किस्सा उपयोगी पडेल. २००२ च्या डिसेंबरात लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारात आला. पुढच्या वर्षी लोकांच्या लक्षात आले की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सची अटच अशी आहे की जो ते विकेल त्याने प्रोग्रामचा मूळ मसुदाही द्यावा. मसुदा मागितला गेला आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्या मसुद्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ जन्माला आले, आणि पुढे ‘डीडी-डब्ल्यूआरटी’. आज शेकडो प्रकारच्या राउटरांत मूळ प्रोग्राम काढून ओपनडब्ल्यूआरटी घालता येते, तेही विनामूल्य. कंपनीने ज्या राउटरची देखभाल सोडून दिली त्यालाही नव्या दुरुस्त्या मिळत राहतात. बाजारात असेही राउटर आहेत की ज्यांत ते आधीच घातलेले असते, जसे जीएल-आयनेटचे छोटे राउटर. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीच्या प्रोग्रामात आणि असुसच्या अनेक राउटरांत ही सोय कंपनीनेच दिली आहे.

जुना राउटर पडून असेल तर आधी त्याची स्मृती पाहावी. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमचे राउटर आता ओपनडब्ल्यूआरटीच्या उपयोगाचे राहिलेले नाहीत. ८ आणि ६४ मध्ये कसेबसे भागते. १६ आणि १२८ असेल तर घ्यावा. राउटरच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक असतो, तोही पाहावा. एकाच नावाच्या राउटरच्या दुसऱ्या आवृत्तीत आतले सगळे यंत्र बदललेले असू शकते, आणि चुकीचा प्रोग्राम घातला तर राउटरची वीट होते. या धंद्यातले लोक त्याला खरोखरच वीट म्हणतात.

सील लावण्याच्या पद्धती तीन-चार आहेत. त्यांतील पीपीटीपी ही सर्वांत जुनी, नव्वदच्या दशकातली. बऱ्याच राउटरांत ती अजून यादीत दिसते आणि जोडायला सोपी म्हणून मुले तीच लावून देतात. ती लावू देऊ नये. तिच्या पासवर्डची व्यवस्था एका दिवसात फोडता येते हे २०१२ मध्येच दाखवून दिले गेले आहे. ओपनव्हीपीएन ही २००१ पासूनची पद्धत भरवशाची आहे, पण राउटरच्या छोट्या डोक्याला ती जड जाते. स्वस्त राउटरवर तिचा वेग सहसा दहा-वीस मेगाबिटच्या पुढे जात नाही, मग घरी शंभरची लाइन असली तरी. जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेली ‘वायरगार्ड’ ही पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. तिचा मसुदा चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे तपासायला सोपा, आणि त्याच राउटरवर तिचा वेग ओपनव्हीपीएनपेक्षा बराच अधिक मिळतो. आमचे मत वायरगार्डच्या बाजूने आहे.

त्याचे आणखी एक कारण आहे. वायरगार्डलाही दुकानाच्या राउटरवर एक दार लागते, नेहमीचा क्रमांक ५१८२०. मग उघड्या दाराविषयी वर जे म्हटले त्याचे काय? फरक असा की ज्याच्याकडे ओळखीची किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. ‘नाही’ असेही म्हणत नाही. दार वाजवणाऱ्याला तेथे दार आहे की भिंत हेच कळत नाही.

जोडणी

वायरगार्डमध्ये पासवर्ड नसतो, किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त किल्ली, जी त्या राउटरमधून कधी बाहेर काढायची नाही, आणि एक उघड किल्ली, जी दुसऱ्या टोकाला द्यायची. प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची असते. घरच्या राउटरची उघड किल्ली दुकानाच्या राउटरमध्ये लिहायची आणि दुकानाची घरच्यात. घरच्या राउटरमध्ये दुकानाचा स्थिर पत्ता आणि दाराचा क्रमांक लिहायचा. कागदावर एवढेच काम आहे. प्रत्यक्षात लोक अडखळतात ते पुढील जागी.

पहिली जागा घरगुती पत्त्यांची. जवळजवळ प्रत्येक राउटर कारखान्यातून १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ही मालिका घेऊन येतो. घरी तीच आणि दुकानातही तीच असेल, तर घरच्या राउटरला १९२.१६८.१.१० हा कॉम्प्युटर घरचा की दुकानाचा हे कळणार कसे? तो घरातच शोधत बसतो. एकाच गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या असाव्यात तसा हा प्रकार. काम सुरू करण्यापूर्वी एका टोकाची मालिका बदलावी. दुकान १९२.१६८.५० आणि घर १९२.१६८.६० असे काहीतरी. दुकानातील प्रिंटर आणि डीव्हीआर यांना हाताने पत्ते दिलेले असतात, म्हणून शक्यतो घरची बदलावी, काम कमी पडते.

दुसरी जागा ‘अलाउड आयपी’ नावाच्या रकान्याची. बोगद्यातून काय पाठवायचे ते येथे ठरते. या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, शून्य आणि तिरप्या रेघेपुढे शून्य लिहिले तर घरातले सगळेच इंटरनेट दुकानातून फिरून जाऊ लागते. मुलांचे व्हिडिओसुद्धा. मग दुकानाची लाइन भरते आणि बिलिंग रखडते. येथे फक्त दुकानाची मालिका लिहावी, १९२.१६८.५०.०/२४. म्हणजे दुकानाचे काम बोगद्यातून आणि बाकी सारे नेहमीच्या रस्त्याने. दुकानाच्या राउटरमध्ये याच रकान्यात घरची मालिका लिहावी लागते. ती विसरली तर जाणारे पुडके पोहोचते आणि उत्तर परत येत नाही.

घर चाळीत असेल तर आणखी एक रकाना भरावा, ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’, त्यात २५. दर २५ सेकंदांनी घरचा राउटर ‘मी आहे’ असे सांगत राहतो, नाहीतर मधली कंपनी वाट मिटवून टाकते आणि दुकानाकडून घराकडे येणारे काही पोहोचत नाही. गोदामातला प्रिंटर सकाळी गप्प असण्याचे कारण बहुधा हेच निघते.

सगळे जुळूनही दुकानाचा विंडोज कॉम्प्युटर उत्तर देत नसेल तर दोष राउटरात नसून विंडोजच्या फायरवॉलमध्ये असतो. तो दुसऱ्या मालिकेतून आलेल्याला परका समजतो. तेथे घरची मालिका परवानगीत घालावी, फायरवॉलच बंद करून टाकू नये. आणि लहान पाने उघडतात, मोठी अडकतात असे झाले तर बोगद्याच्या ‘एमटीयू’चा आकडा १४२० वरून १४१२ करून पाहावा. दूरध्वनी पद्धतीच्या लॉगिन लागणाऱ्या लाइनवर ही गरज पडते.

सगळे घर दुकानात

आता या पद्धतीचा जो खरा धोका आहे तो सांगितला पाहिजे, कारण विकणारे तो सांगत नाहीत. राउटर क्लायंट झाला म्हणजे घरातले प्रत्येक यंत्र दुकानात पोहोचले. हिशेबाचा कॉम्प्युटर पोहोचला तसा धाकट्याचा फोनही पोहोचला, ज्यात त्याने कोठूनही खेळ आणून भरले आहेत. लग्नाच्या निमित्ताने आठ दिवस राहायला आलेल्या पाहुण्यांचे फोनही पोहोचले. दुकानाचे पुढचे दार आपण बंद केले आणि मागच्या दाराने सगळे घर आत घेतले, असे होता कामा नये.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पाहुण्यांचे वायफाय वेगळे करावे, ज्याला बोगद्याची वाटच नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये आणि चांगल्या राउटरांत ही सोय असते. दुसरे म्हणजे दुकानाच्या राउटरवर असा नियम लिहावा की बोगद्यातून येणाऱ्याला फक्त हिशेबाचा कॉम्प्युटर आणि डीव्हीआर एवढेच दिसावेत, तेही घरातल्या ठरावीक यंत्रांनाच. नियम दुकानाच्या टोकाला लिहिणे महत्त्वाचे. घरच्या राउटरला उद्या कोणी हात लावला तरी दुकानाचा पहारा दुकानातच राहतो.

राउटर स्वतःही आजारी पडतो. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांतील किमान पाच लाख राउटर आणि तत्सम डबे बिघडवल्याचे उघड झाले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले होते. नावात व्हीपीएन असले तरी त्याचा आपल्या व्हीपीएनशी संबंध नव्हता. पण ज्या डब्यावर आपण दुकानाची किल्ली ठेवतो त्याचा प्रोग्राम वर्षानुवर्षे जुनाच ठेवणे म्हणजे काय, ते यातून कळावे.

हिशेबाच्या प्रोग्रामबाबत स्वतंत्र सूचना. बोगदा झाला म्हणून दुकानातील डेटाचा फोल्डर घरच्या कॉम्प्युटरवर जोडून टॅली उघडण्याचा मोह होतो. एकाच खोलीतल्या तारेवर जे चालते ते इंटरनेटवर चालेलच असे नाही. प्रोग्राम प्रत्येक नोंदीला शेकडो वेळा फाइलीकडे ये-जा करतो, प्रत्येक फेरीला वेळ लागतो, आणि नोंद अर्धी लिहिली असताना लाइन गेली तर डेटा बिघडू शकतो. त्यापेक्षा प्रोग्राम दुकानाच्या कॉम्प्युटरवरच चालू द्यावा आणि घरून रिमोट डेस्कटॉपने फक्त त्याचा पडदा पाहावा. वाटेवरून मग केवळ चित्र आणि बोटांचे ठोके जातात. लाइन तुटली तर पडदा जातो, नोंद जागच्या जागी राहते. हेच रिमोट डेस्कटॉप पूर्वी उघड्या ३३८९ मधून चालत होते. आता ते बोगद्याच्या आतून चालेल, म्हणून ज्या दिवशी बोगदा सुरू झाला त्याच दिवशी ते जुने दार राउटरमधून काढून टाकावे. हे अनेक ठिकाणी राहून जाते.

वीज गेली तर

आपल्या भागात एक अडचण अशी येते की परदेशी माहितीपुस्तकांत तिचा उल्लेख क्वचित सापडतो. राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली आणि आली की त्याला तारीख आठवत नाही, तो मागची एखादी तारीख धरून उठतो आणि नंतर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. वायरगार्ड प्रत्येक भेटीवर वेळेचा शिक्का मारते आणि दुकानचे टोक शेवटचा शिक्का लक्षात ठेवते. घरचा राउटर मागच्या तारखेचा शिक्का घेऊन आला की दुकान त्याला जुन्या चिठ्ठीची नक्कल समजून परत पाठवते. सील बरोबर, किल्ली बरोबर, तरी जोडणी नाही, आणि दोष कोठेच दिसत नाही. ओपनव्हीपीएनमध्येही तारीख फार मागे गेली की प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे ठरते.

उपाय साधा आहे. राउटरने वेळ विचारण्याचे काम बोगद्याबाहेरून, नेहमीच्या लाइनवरून करावे, म्हणजे बोगदा नसतानाही घड्याळ लागते. वर सांगितल्याप्रमाणे बोगद्यातून फक्त दुकानाची मालिका पाठवली असेल तर हे आपोआप होते. सगळेच बोगद्यात कोंबणाऱ्याचा मात्र पेच पडतो, कारण वेळेवाचून बोगदा नाही आणि बोगद्यावाचून वेळ नाही. राउटर आणि कंपनीचा डबा यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर तासाभराचे भारनियमन जाणवतही नाही.

कायद्याची बाजू

आपल्या घरापासून आपल्याच दुकानापर्यंत व्हीपीएन लावण्यास भारतात मनाई नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आदेश काढले, त्यावरून बरीच घबराट झाली होती. त्या आदेशानुसार लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दिलेले आयपी आणि वापराचे कारण यांची नोंद पाच वर्षे ठेवायची आहे. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. संस्थांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नोंदीचा नियम नाही, असे सर्ट-इनने नंतर खुलाशात सांगितले. भाड्याचा सर्व्हर घेतल्यास मात्र आपली कागदपत्रे द्यावी लागतील आणि ती खरीच द्यावीत. त्याच आदेशात सायबर घटना घडल्यास ती कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवण्याचेही बंधन आहे. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत २०२५ मध्ये प्रशासनाने काही काळ व्हीपीएनवर बंदी घातली होती. तिकडे शाली किंवा सुक्या मेव्याचा व्यवहार असणाऱ्यांनी असे आदेश पाहून घ्यावेत.

कोकणातील आणि मुंबईतील अनेक घरांचा एक पाय आखातात असतो, म्हणून तिकडचेही सांगणे भाग आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएनसारख्या साधनाने आपला पत्ता झाकणाऱ्यास कैद आणि पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड होऊ शकतो. कंपन्यांनी आपल्या अंतर्गत कामासाठी व्हीपीएन वापरण्यास आडकाठी नाही, असे तेथील दूरसंचार खात्याने २०१६ मध्ये सांगितले होते. परंतु दुबईतला मुलगा रात्री घरी व्हॉट्सअॅपवर बोलता यावे म्हणून मुंबईच्या दुकानाचा बोगदा मागत असेल, तर ते ‘अंतर्गत काम’ आहे असे गृहीत धरून बसू नये. किल्ली देणाऱ्याने आधी तिकडच्या वकिलाला विचारावे.

किल्ल्या कोणाच्या हाती

जोडणी करून देणाऱ्याकडून काय काय घ्यायचे ते काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. दोन्ही राउटरांचे पासवर्ड त्याच्यासमोर बदलून घ्यावेत. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक राउटरला वेगळी किल्ली असावी. एकच किल्ली सर्वांना वाटली तर मुनीम नोकरी सोडून गेला की सगळ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. वेगळ्या असतील तर दुकानाच्या राउटरमधून त्याची एक ओळ पुसली की त्याची वाट बंद झाली. काही मुले ‘पुढे दुरुस्तीला सोयीचे’ म्हणून स्वतःचीही एक किल्ली यादीत ठेवून जातात. यादीत किती किल्ल्या आहेत आणि कोणती कोणाची, हे आपण स्वतः मोजून घ्यावे.

दोन्ही राउटरांची जुळणी फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी, फोनवर नाही, कारण त्यात गुप्त किल्ली असते. सोबत एका कागदावर दुकानाची मालिका, घरची मालिका, स्थिर पत्ता, दाराचा क्रमांक, किल्ल्यांच्या मालकांची नावे आणि हे काम झाल्याची तारीख लिहून ठेवावी. शेवटी मोबाइलच्या इंटरनेटवरून, घरच्या वायफायबाहेर राहून, दुकानाच्या स्थिर पत्त्यावर जुने रिमोट डेस्कटॉप जोडून पाहावे. ते जोडले गेले तर त्या मुलाला तेथेच थांबवून ३३८९ चे दार आधी बंद करून घ्यावे, मग पैसे द्यावेत.